डायोड तापला, की डोस वाढला? एका उन्हाळ्यातलं प्रकरण

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका कर्करोग उपचार केंद्रातलं आहे. तेव्हा मी तिथे मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे किरणांचा डोस मोजणारा आणि तपासणारा माणूस होतो. गाव, रुग्णालय आणि माणसांची ओळख लिहीत नाही. काही तपशील मुद्दाम पुसट केले आहेत, पण आकडे ज्या क्रमाने समोर आले त्याच क्रमाने मांडले आहेत. ज्या ठिकाणी चुकलो ते ठिकाणही तसंच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

केंद्रात ६ एमव्हीचा एकच लिनॅक, म्हणजे कर्करोगावर किरणं सोडणारं मशीन. बीड, धाराशिव, परभणीकडून येणारे पेशंट, त्यातले बरेचसे महात्मा फुले जन आरोग्य योजनेतले. रेडिओथेरपीला इकडची माणसं 'शेक' म्हणतात. 'पंचवीस शेक सांगितलेत' असं म्हणत माणूस धर्मशाळेत दीड महिना मुक्काम टाकतो, मागे शेत कुणाच्या तरी भरवशावर असतं.

प्रत्येक पेशंटच्या पहिल्या शेकाला आम्ही कातडीवर सिलिकॉन डायोड चिकटवून डोस तपासायचो. शेंगदाण्याएवढी गोष्ट, मागे लांब केबल, ती बंकरच्या, म्हणजे मशीनच्या खोलीच्या, भिंतीतून बाहेर कन्सोलपाशी इलेक्ट्रोमीटरला (विद्युतभार मोजणाऱ्या यंत्राला) जोडलेली. वरच्या धातूच्या टोपीमुळे तो कातडीचा नाही, तर साधारण दीड सेंटिमीटर खोलीवरचा डोस सांगतो. अपेक्षित आकड्यापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर तपासायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं. १० टक्क्यांच्या वर गेला तर थांबायचं.

एवढासा तुकडा पुरतो याचं कारण सिलिकॉनच्या स्वभावात आहे. हवेत आयनांची एक जोडी तयार व्हायला सरासरी ३४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन आणि होलची (इलेक्ट्रॉन सुटल्यावर मागे उरणाऱ्या रिकाम्या जागेची) जोडी ३.६ मध्येच सुटते. शिवाय सिलिकॉन हवेच्या जवळजवळ दोन हजार पट घन. दोन्हींचा गुणाकार केला की तेवढ्याच आकारमानात हवेच्या आयन चेंबरपेक्षा, म्हणजे डोस मोजायच्या नेहमीच्या साधनापेक्षा, सुमारे अठरा हजार पट विद्युतभार मिळतो. याच गुणावर कण-भौतिकीची मंडळी भाळली. जिनिव्हाच्या सर्न या प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगात प्रीशॉवर नावाचा भाग आहे. त्यातल्या सिलिकॉन पट्ट्यांच्या डिटेक्टरपैकी जवळपास हजार बीएआरसीच्या देखरेखीखाली बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये बनले. ६.३ सेंटिमीटरचा चौकोन, जाडी ३२० मायक्रॉन, त्यावर ३२ पट्ट्या. आमचा डायोड त्याच कुळातला. फरक इतकाच की ते उलट्या दिशेने व्होल्टेज देऊन चालवतात, तर आमचा बिनव्होल्टेजचा, कारण पेशंटच्या अंगावर व्होल्टेजची तार कोण ठेवणार?

डायोडचं कॅलिब्रेशन जानेवारीत झालं होतं: प्लास्टिकच्या फँटमवर (शरीराच्या जागी ठेवायच्या ठोकळ्यावर), किरणांच्या उगमापासून १०० सेंटिमीटर अंतरावर, खोलीचं तापमान २१ अंश असताना. ही २१ची नोंद पुढे महत्त्वाची ठरली. तेव्हा ती फॉर्मवरचा एक रकाना भरायचा म्हणून भरली होती.

अडचण

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आकडे वर सरकू लागले. +३, +४, +५ टक्के. एका शुक्रवारी स्तनाच्या कर्करोगाच्या एका मावशींचा आकडा +६.१ आला. सुटे फरक नेहमीच येतात, कधी वर, कधी खाली. आठवडाभर एकही आकडा शून्याच्या खाली गेला नव्हता, आणि मला खटकलं ते हे.

विभागप्रमुख मॅडमनी नेमका प्रश्न विचारला, "सर, पेशंटला जास्त डोस जातोय का? हो किंवा नाही सांगा."

मला दोन्ही सांगता येईना. सकाळी आयन चेंबरने घेतलेला मशीनचा आउटपुट, म्हणजे मशीन किती डोस देतं तो आकडा, १ टक्क्याच्या आत होता. चेंबर सांगत होता मशीन ठीक आहे, डायोड सांगत होता मशीन जास्त देतंय.

संशय आधी कुणावर

संध्याकाळी बायोमेडिकलचा तरुण इंजिनिअर आला. त्याने चेंबरच्या शीटवर नजर टाकली आणि बॅरोमीटरचा आकडा पाहून चमकला. आमचा बॅरोमीटर ९४४ मिलिबार दाखवत होता, त्याच्या मोबाइलवरचं हवामानाचं अ‍ॅप १००४. "सर, तुमचा बॅरोमीटरच गेलाय. ६० मिलिबारचा फरक आहे."

हे इथे सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात मोठा अपघात या वळणावर झाला असता. आयन चेंबर उघडा असतो. आतल्या हवेची घनता बदलली की त्याचा आकडा बदलतो, म्हणून २० अंश आणि १०१३.२५ मिलिबारला धरून दुरुस्ती करावी लागते. आमचं गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. तिथे २३ अंशाला आणि ९४४ मिलिबारला ही दुरुस्ती ८ टक्क्यांच्या वर जाते. अ‍ॅपवर दिसतो तो दाब मात्र समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो, म्हणजे निरनिराळ्या गावांची तुलना करता येते. तो आकडा शीटमध्ये घातला असता तर मशीन ६ टक्के कमी देतंय असं उत्तर निघालं असतं. मग कुणीतरी उत्साहाने आउटपुट ६ टक्के वर चढवला असता, आणि सगळ्या पेशंटना खरोखरच जास्त डोस गेला असता.

दर आठ-नऊ मीटर चढलं की दाब साधारण १ मिलिबारने उतरतो, या हिशोबाने साडेपाचशे मीटरचे साठ-एक मिलिबार होतात. १००४ मधून ते वजा करा. बॅरोमीटर बरोबर होता. पोराचं चुकलं असं म्हणणार नाही. त्याने विचारलं, परस्पर बटण दाबलं नाही.

पुढ्यातले पर्याय

शुक्रवार संध्याकाळ. शनिवारी चाळीसच्या वर पेशंट येणार. मॅडम, सीनियर टेक्नॉलॉजिस्ट, इंटर्न मुलगी आणि मी चहा घेत बसलो.

मशीन बंद ठेवून कंपनीचा इंजिनिअर बोलवायचा, हा पहिला विचार. सुरक्षित वाटतो, पण शेक मध्येच थांबला की गाठीतल्या उरलेल्या पेशींना वाढायला सवड मिळते. गर्भाशयमुख आणि तोंड-घशाच्या पेशंटना ही सवड महागात पडते. त्यामुळे थांबणंही फुकटचं नव्हतं.

दुसरा विचार टेक्नॉलॉजिस्टचा: सगळे आकडे सरसकट ०.९६ ने गुणा आणि पुढे चला. हसू नका, मलाही क्षणभर मोह झाला. तिसरा, कारण कळेपर्यंत डायोड बाजूला ठेवायचे. हा मॅडमना अजिबात मान्य नव्हता: "राखणदार ओरडतोय म्हणून त्याला घरी पाठवायचं का?"

इंटर्न अंबाजोगाईकडची होती. तिला वाटलं ही उष्णतेची गळती असणार. सिलिकॉनमधला गळतीचा, म्हणजे किरणं नसतानाही वाहणारा, प्रवाह दर सात-आठ अंशांना साधारण दुप्पट होतो, आणि म्हणूनच सर्नमधले सिलिकॉनचे ट्रॅकर (कणांचा माग काढणारे डिटेक्टर) शून्याखाली थंड ठेवतात, हे तिने एम.एस्सी.ला शिकलं होतं. बीम बंद ठेवून एक मिनिट इलेक्ट्रोमीटर पाहिला, आकडा जवळजवळ हलला नाही. बिनव्होल्टेजच्या डायोडमध्ये ती गळती नगण्य असते. तिचं उत्तर चुकलं होतं, पण बोट उष्णतेवर अचूक पडलं होतं. हे मला दोन दिवसांनी उमगलं.

ठरलं असं: दुसऱ्या आयन चेंबरने आणि वेगळ्या इलेक्ट्रोमीटरने आउटपुट पुन्हा घ्यायचा, जुळला तर शनिवारी शेक चालू, आणि रविवारी डायोडच तपासायचे. रात्री साडेनऊला आकडे जुळले, अर्ध्या टक्क्याच्या आत.

रविवारचं मोजमाप

आधी दोन गोष्टी शोधल्या. बंकरच्या दोन एसींपैकी एक दोन आठवडे रडत होता आणि दुपारी खोली २७-२८ अंशावर जायची. दुसरी गोष्ट टेक्नॉलॉजिस्टने सहज बोलता बोलता सांगितली. गर्दीमुळे तो हल्ली डायोड आधीच चिकटवून मग पोझिशनचा फोटो घ्यायचा. जानेवारीत डायोड अंगावर मिनिटभर असायचा, आता चार-पाच मिनिटं. आणि अंग तरी कसलं? बाहेर ४३ अंशात पत्र्याखाली तासभर बसून आलेलं. म्हणजे २१ अंशाला कॅलिब्रेट झालेला डायोड ३३-३४ अंशाला मोजत होता.

डायोड तापला की आकडा का वाढतो? किरणांमुळे सुटलेले इलेक्ट्रॉन आणि होल डायोडच्या जोडापर्यंत (दोन प्रकारचं सिलिकॉन जिथे मिळतं त्या सांध्यापर्यंत) पोचायच्या आधी काही वाटेत एकमेकांना भेटून संपतात. स्फटिकातल्या दोषांपाशी ही गाठभेट होते. तापमान वाढलं की दोषांत अडकलेले इलेक्ट्रॉन आणि होल लवकर सुटतात, त्यांचं आयुष्य लांबतं, त्यातले जास्त जण जोडापर्यंत पोचतात. डोस तेवढाच राहतो, आकडा मात्र फुगतो.

प्रयोग घरगुतीच म्हणायचा. पर्स्पेक्सच्या पातळ भिंतीच्या टाकीत पाणी भरलं, डायोड बाहेरून भिंतीला चिकटवला, गॅन्ट्री (मशीनचा फिरणारा हात) ९० अंशावर आडवी केली. कँटीनमधून गरम पाणी आणून २० अंशापासून ३६ पर्यंत टप्प्याटप्प्याने चढत गेलो. प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटं थांबायचं, थर्मामीटर वाचायचा, १०० मॉनिटर युनिट (मशीनने सोडलेल्या किरणांचं माप) द्यायचे. सुरुवातीला आणि शेवटी आयन चेंबरने मशीन स्थिर असल्याची खात्री केली. कँटीनवाल्या मामांनी चौथ्या खेपेला विचारलं, "सर, आज रविवारी मशीनला अंघोळ हाय का?"

तीन डायोड, तीन उत्तरं. दर अंशाला ०.२८ टक्का, ०.३१ टक्का आणि तिसऱ्याचा ०.४२. तिसरा सगळ्यात जुना, सगळ्यात जास्त किरणं खाल्लेला. किरणांनी स्फटिकात नवे दोष पाडलेले, म्हणून त्याची संवेदनशीलता घटलेली आणि तापमानाची ओढ वाढलेली. बारा-तेरा अंशांचा फरक धरला तर पहिल्या दोघांचे पावणेचार टक्के होतात, जुन्याचे पाच.

मावशींच्या +६.१ मधला उरलेला भाग अंतराचा. स्तनाच्या शेकात कातडी मशीनला १०० सेंटिमीटरपेक्षा जवळ असते. जवळ गेलं की प्रत्येक स्पंदनातला डोस वाढतो, दोष भरून जातात, आणि डायोड पुन्हा जरा जास्तच बोलतो. तिथे टक्का-सव्वा टक्का निघाला. त्या दिवशी त्यांच्या अंगावर होता तोही जुनाच डायोड.

सोमवारी मॅडमना उत्तर दिलं: नाही, जास्त डोस जात नाही.

बदल

जुना डायोड काढून टाकला. उरलेल्या दोघांना ज्याचा त्याचा तापमानाचा आणि अंतराचा गुणक दिला. डायोड चिकटवल्यावर किमान तीन मिनिटं थांबून मगच मोजायचं ठरलं, म्हणजे तो दरवेळी कातडीच्याच तापमानाला असेल, आणि ते तापमान ३२ अंश धरायचं. रजिस्टरमध्ये 'शेरा' नावाचा नवा रकाना काढला, फरकाचं कारण लिहायला. आठवडाभरात आकडे शून्याच्या दोन्ही बाजूंना परतले आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला.

शेऱ्याचा रकाना माझी कल्पना होती. तेव्हा मला ती फार शहाणपणाची वाटली होती.

गोधडी

दोन-अडीच आठवड्यांनी एक साठीतले शेतकरी आले, त्यांना बापू म्हणू. कर्करोग मणक्यात उतरलेला, वेदना कमी करण्यासाठी १० शेकांत ३० ग्रे (ग्रे हे डोसचं एकक). पालथं झोपवून पाठीवर किरणांचं एकच फिल्ड, अंतर १०० सेंटिमीटर. पहिल्या दिवशी डायोड +७.२ वर. तापमानाची दुरुस्ती करून झाल्यावरचा हा आकडा.

दुपारचे तीन. एसी पुन्हा बंद पडलेला, कन्सोलवर आम्हीही घामाघूम. टेक्नॉलॉजिस्ट म्हणाला, "सर, आज लई उकाडा हाय." मी मान डोलावली, शेऱ्यात 'उष्णता' लिहिलं आणि सही केली. पुन्हा मोजायच्या यादीत नाव घातलं नाही. फरकाचं कारण तर सापडलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुसरा शेक तसाच गेला. संध्याकाळी रजिस्टर भरताना इंटर्न माझ्याकडे आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "सर, हा डायोड अंशाला ०.३१ चा आहे. ३२ अंशाची दुरुस्ती आपण आधीच केलीय. उरलेले ७.२ टक्के उष्णतेचेच असतील तर डायोड पंचावन्न अंशाला असायला हवा."

पंचावन्न अंशाला कातडी भाजते. एसी बंद असला तरी कातडी फार तर दोन-तीन अंश चढेल, त्याचा एक टक्का. बाकीचे सहा कुठून आले?

तिने दुसऱ्या बाजूनेही गणित मांडलं होतं. अंतराच्या वर्गाच्या नियमाने ७ टक्के जास्त म्हणजे कातडी १०० ऐवजी साडेशहाण्णव सेंटिमीटरवर. साडेतीन सेंटिमीटर कुणी उचलली पाठ?

तिसऱ्या दिवशी बापूंना टेबलावर घेताना मी आत उभा राहिलो. पालथं झोपताना त्यांना कळ असह्य व्हायची, म्हणून मुलाने घरची गोधडी आणली होती. टेक्नॉलॉजिस्टने माणुसकीने ती चार पदरी घडी करून छातीपोटाखाली घातली होती. सिम्युलेशनच्या, म्हणजे शेकाआधी झोपायची स्थिती आणि मापं ठरवायच्या, दिवशी गोधडी नव्हती. टेबलाची उंची मशीनमध्ये साठवलेल्या आकड्यावर आणली जायची, आणि कातडीवरच्या अंतराच्या पट्टीकडे गर्दीत कुणी पाहिलं नव्हतं. मी पट्टी लावून पाहिली: ९६.४.

गोधडी काढली नाही, टेबल खाली घेतलं. अंतर १०० झालं, डायोड +०.८ वर आला.

परिणाम

दोन शेकांत मिळून सुमारे ०.४ ग्रे जास्त गेले होते, ३० च्या हिशोबात दीड टक्क्याच्याही आत. मज्जारज्जूला यातून धोका नव्हता, आणि उरलेले शेक कमी न करता तसेच द्यायचे असं मॅडमनी ठरवलं. बापूंना आणि मुलाला त्यांनी स्वतः बसवून सांगितलं. मुलाने पहिल्यांदा विचारलं ते हेच की गोधडी आणली हे चुकलं का. त्याला नाही म्हणून सांगायला बराच वेळ लागला. विभागाच्या नोंदवहीत घटना लिहिली गेली, सहीच्या जागी माझं नाव.

हेच एखाद्या तरुण पेशंटच्या पस्तीस शेकांत घडलं असतं, आणि पहिल्याच दिवशी 'उष्णता' लिहून मिटवलं असतं, तर पुढचे चौतीस तसेच गेले असते. डायोड फक्त पहिल्या दिवशी लागतो.

आज करायचं झालं तर

मशीन चालू ठेवायचा शुक्रवारचा निर्णय मी आजही बदलणार नाही. दोन स्वतंत्र चेंबर एकमेकांशी जुळत होते, आणि बॅरोमीटरचा हिशोब उंचीशी जुळत होता. फक्त मावशींचं अंतर त्याच संध्याकाळी पट्टीने तपासलं असतं. आम्ही थेट सिलिकॉनच्या भौतिकीत शिरलो. डायोडवर संशय घ्यायच्या आधी टेबलावर झोपलेल्या माणसाकडे पाहायला हवं होतं, ते आम्ही दोन्ही वेळा उलट क्रमाने केलं.

कॅलिब्रेशन २१ अंशाला करून ३३ अंशाला वापरणं ही जानेवारीतली चूक, आणि ती उन्हाळ्याशिवाय दिसणारच नव्हती. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित वेटिंग रूममधून आत येणाऱ्या पेशंटवर कदाचित ती वर्षानुवर्षं लपून राहते. आता तिथे फँटम कोमट करून कॅलिब्रेशन होतं, आणि डायोडशेजारी कातडीचं तापमान मोजून लिहिलं जातं, ३२ गृहीत धरत नाहीत.

रविवारच्या प्रयोगाबद्दल मला अजूनही अभिमान आहे, आणि तोच घात करून गेला. घाम गाळून, गरम पाणी वाहून एक कारण शोधलं होतं. मग पुढचा प्रत्येक वरचा आकडा त्याच पोत्यात भरायला मी तयार होतो. दुरुस्ती आधी झालेली आहे, हे माझ्याच हाताने बसवलेलं गणित मी सही करताना विसरलो. इंटर्नने नवं काही शोधलं नाही. तिने कारणाला आकडा विचारला: उष्णता म्हणता, तर किती अंश?

शेऱ्याचा रकाना आम्ही त्याच आठवड्यात काढून टाकला. त्या जागी दोन रकाने आले: पट्टीवर वाचलेलं अंतर, आणि डायोडजवळचं तापमान. ५ टक्क्यांच्या वर गेलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं, मग फरकाचं कारण कितीही पटलेलं असो. टेक्नॉलॉजिस्टला हे आधी जाच वाटलं. सहा मिनिटांचा पेशंट आठ मिनिटांवर गेला, बाहेरची रांग लांबली. ती तक्रार खोटी नव्हती. मॅडमनी रांगेसाठी पत्र्याखाली दोन कूलर लावून घेतले. सिम्युलेशनच्या खोलीत एक गोधडी कायमची ठेवली गेली, म्हणजे लागणार असेल तर पहिल्या दिवसापासूनच लागेल.

एसीचा कॉम्प्रेसर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बदलला गेला, पहिला पाऊस पडून गेल्यावर.

डिसेंबरात आकडे एक-दीड टक्का खाली आले. तापमानाच्या रकान्यात त्या दिवसांत २७-२८ लिहिलेलं होतं. तेवढ्या अंशांचा हिशोब मांडला, तो जुळला. एका सकाळी एक आकडा −४.६ आला. तो जुळला नाही, आणि आम्ही पट्टी घेऊन आत गेलो.